कवळीखालचं तोंड लाल झालंय? आधी कवळी बरी करा

वरची कवळी काढा. आरशासमोर उभं राहून तोंड मोठं उघडा, मान थोडी मागे घ्या आणि मोबाइलची बॅटरी टाळूवर मारा. निरोगी टाळू फिकट गुलाबी असते. तुमची टाळू लालभडक दिसत असेल आणि त्या लालीची कड नेमकी कवळीच्या कडेशी जुळत असेल, म्हणजे कवळी जिथवर पोचते तिथवर लाल आणि पुढे एकदम नेहमीचा रंग, तर ही कवळीखालची सूज आहे. दवाखान्याच्या कागदावर तिचं नाव ‘डेंचर स्टोमॅटायटिस’ असं लिहिलेलं दिसेल.

बहुतेकांना ती दुखत नाही. कुणाला थोडी जळजळ होते, कुणाला आमटी नेहमीपेक्षा तिखट लागते, कुणाच्या तोंडाला वास येतो, कुणाच्या ओठांचे कोपरे फाटतात. पुष्कळांना काहीच जाणवत नाही. म्हणून घरात कवळी वापरणारे आई-वडील, आजी-आजोबा असतील तर त्यांच्या तक्रारीची वाट पाहू नका. महिन्यातून एकदा कवळी काढायला लावून टाळू बघा.

आपल्या बेळगाव भागात, येळ्ळूर-उचगाव-कडोलीपासून खानापूर-निपाणीपर्यंत, हा आजार वर्षानुवर्षं रेंगाळतो त्याचं कारण ठरलेलं आहे. आजी म्हणते, “तोंड आलंय.” मुलगा मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, बोरॅक्स-ग्लिसरीन किंवा तोंडातल्या फोडांवर लावायचं मलम आणतो. आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. तोंडाला औषध लावलं, पण ज्या कवळीत बुरशी बसली आहे ती तशीच पुन्हा तोंडात गेली. या लेखात पुढे जे सांगतो आहे त्यातला निम्म्याहून जास्त भाग कवळीबद्दल आहे, आणि तो मुद्दाम तसा आहे.

सूज येते कशी

कँडिडा नावाची बुरशी कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात असतेच. एरवी लाळ आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आटोक्यात ठेवतात. पण वरची कवळी सगळी टाळू झाकून टाकते. खाली लाळ फिरत नाही, हवा जात नाही, ऊब आणि ओल मात्र कायम. त्यात कवळीचा ॲक्रिलिक (ज्या प्लास्टिकची ती बनते) बाहेरून चकचकीत असला तरी टाळूला लागणारी बाजू घासून गुळगुळीत केलेली नसते, कारण ती तुमच्या हिरड्यांच्या मापाला तंतोतंत बसायला हवी. नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्याच्या खाचांत मसाला अडकून राहतो, तसा त्या खडबडीत बाजूला अन्नाचा, लाळेचा, जंतूंचा आणि बुरशीचा चिकट थर धरतो. नुसत्या चुळा भरून तो निघत नाही.

खालच्या कवळीखाली हा त्रास कमी दिसतो, कारण ती थोडी हलते आणि तिच्याखाली लाळ खेळत राहते.

डॉक्टर या सुजेच्या तीन पायऱ्या मानतात. ही वर्गवारी न्यूटन नावाच्या दंतवैद्यांनी 1962 मध्ये केली आणि आजही तीच वापरात आहे. पहिल्या पायरीत टाळूवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. दुसरीत कवळीखालचा भाग सलग लाल होतो. तिसरीत टाळूच्या मध्यभागी बारीक दाणेदार, मऊ उंचवटे येतात. पहिल्या दोन पायऱ्या घरच्या काळजीने आणि साध्या औषधाने पूर्ण बऱ्या होऊ शकतात. तिसरीत लाली उतरते, पण दाणे बऱ्याचदा राहतात, आणि ते फार वाढलेले असतील तर शस्त्रक्रियेने काढावे लागतात. तेव्हा जितकं लवकर पाहाल तितकं सोपं.

आधी खात्री: हे दुसरं काही नाही ना?

एकाच जागी टोचतं, तिथे छोटी जखम दिसते आणि कवळी काढली की आराम पडतो, तर ती बहुधा कवळीची कड लागून झालेली जखम असते. नवीन कवळीच्या पहिल्या आठवड्यांत हे नेहमीचं आहे. दंतवैद्य ती कड पाच मिनिटांत घासून देतात. घरी कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन बसू नका. एकदा जास्त घासलं की कवळी सैल होते, आणि सैल कवळी नव्या जखमा करते. एक महत्त्वाचं: दाखवायला जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवा. आठ दिवस कवळी काढून ठेवून गेलात तर जखम भरलेली असते आणि कुठली कड लागते ते डॉक्टरांना सापडत नाही.

दह्यासारखे पांढरे चट्टे असतील, कापडाने पुसले की निघत असतील आणि खाली लाल दिसत असेल, तर तीही बुरशीच. दम्याचा स्टेरॉइड पंप घेणाऱ्यांत, नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झालेल्यांत किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत हे जास्त दिसतं.

तोंड जळतं, पण टाळू नेहमीच्या रंगाची आहे, असंही होतं. मग बी12 किंवा लोहाची कमतरता, मधुमेह, कोरडं तोंड, मज्जातंतूंचा त्रास अशी कारणं शोधावी लागतात. ॲक्रिलिकची ॲलर्जीही असू शकते, पण ती विरळा.

आता जी गोष्ट सगळ्यांत गंभीरपणे वाचायची ती. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, गाठ, आपोआप रक्त येणं, ओठ किंवा जीभ बधिर होणं, गिळताना अडकणं, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम, यांपैकी एक जरी असेल तर घरचे उपाय करत थांबू नका. निपाणी-चिकोडीकडे तंबाखूचं पीक आणि विड्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. घराघरांत मिश्री लावणाऱ्या आज्ज्या आहेत, आणि दात गेले तरी हिरडीला मिश्री लावायची सवय सुटत नाही. अशा तोंडात न भरणारी जखम म्हणजे आधी कर्करोग नाही याची खात्री करून घ्यायची. “कवळी लागत असेल” असं म्हणत महिने घालवलेली माणसं पाहिली की फार वाईट वाटतं.

पहिलं काम: रात्री कवळी बाहेर

सगळ्या उपायांत हा सर्वांत गुणकारी, बिनखर्चाचा, आणि लोक सर्वांत जास्त टाळतात तोही हाच.

रोज रात्री किमान सहा ते आठ तास दोन्ही कवळ्या काढून ठेवायच्या. टाळू लाल असेल तेव्हा दोन आठवडे याहून जास्त वेळ: जेवण्यापुरती आणि चार माणसांत जाण्यापुरती घालायची, घरात असताना काढून ठेवायची. टाळूवरचं झाकण निघालं की लाळ पोचते, हवा लागते आणि सूज उतरायला लागते. पहिल्या पायरीची लाली पुष्कळदा एवढ्यानेच आणि स्वच्छतेनेच जाते.

अडचण औषधाची नसते, लाजेची असते. “रात्री काढलं तर तोंड कसंतरी दिसतंय की ओ,” असं सांगणाऱ्या बायका आमच्याकडे नेहमी येतात. घरात सून आहे, नातवंडं आहेत, लग्नाला पाहुणे जमलेत, कसं काढायचं? ही लाज खरी आहे आणि तिला हसू नये. अशांना मी रात्रीचा हट्ट लगेच धरत नाही. आंघोळीच्या वेळी काढा, दुपारी दार लावून आडवं होता तेव्हा काढा, दिवा मालवल्यावर काढून उशाशी डबीत ठेवा आणि उठल्यावर सगळ्यांच्या आधी घाला. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत किंवा पंढरीच्या वारीत कवळी हरवेल म्हणून लोक दिवसरात्र ती तोंडातच ठेवतात आणि परत येतात ते लाल टाळू घेऊन. घट्ट झाकणाची डबी आणि कमरेच्या पिशवीत तिची ठरलेली जागा, एवढी सोय केली की ती भीती राहत नाही.

घरच्यांनीही मदत करायला हवी. बिनदाताच्या तोंडावरून नातवंडं चिडवत असतील तर त्यांना थांबवा.

रात्री कवळी काढण्याचं कारण फक्त टाळूपुरतं नाही. जपानमध्ये 85 वर्षं आणि त्यापुढच्या 524 वृद्धांचा अभ्यास झाला आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांत न्युमोनियाचा धोका सुमारे दुप्पट दिसला. कवळीवरचे जंतू झोपेत लाळेबरोबर फुफ्फुसात उतरत असावेत असा त्याचा अर्थ लावला जातो. ज्या आजोबांना दर पावसाळ्यात छातीचा त्रास होतो त्यांनी हे मनावर घ्यावं.

दुसरं काम: कवळी घासून धुणं

बेसिनमध्ये किंवा परातीत थोडं पाणी घ्या, किंवा खाली जाड टॉवेल पसरा. ओल्या साबणाची कवळी हातातून निसटते आणि फरशीवर पडली की दोन तुकडे. मग मऊ ब्रश घ्या. कवळीसाठी वेगळा ब्रश मिळतो, नाही मिळाला तर लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो. त्यावर हात धुवायचा साधा सौम्य साबण किंवा भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. आधी आतली बाजू, जी टाळूला आणि हिरड्यांना चिकटते. बहुतेक लोक आरशात दिसणारे दात चमकवतात आणि आतली बाजू नुसती पाण्याखाली धरतात. बुरशी असते ती आत. सगळे कोपरे घासा, मग बाहेरची बाजू, मग भरपूर पाण्याने धुवा.

टूथपेस्ट नको. तिच्यात दात घासण्यासाठी घातलेली बारीक खरखरीत पूड ॲक्रिलिकवर ओरखडे पाडते, आणि त्या ओरखड्यांत थर आणखी घट्ट बसतो. दंतमंजन, राख, मीठ, विटेची पूड, मिश्री तर मुळीच नको. उकळतं पाणीही नको. “गरम पाण्यात टाकलं की जंतू मरतात” हे भांड्यांना लागू आहे. कवळी त्यात वाकडी होते, आणि एकदा वाकली की पूर्वीसारखी बसत नाही.

हे घासणं दिवसातून दोनदा, त्यातलं एक रात्री झोपण्यापूर्वी. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून नुसती धुतली आणि चूळ भरली तरी पुष्कळ फरक पडतो. शेतावर असाल तर बाटलीतलं पाणी पुरे.

कवळी चिकटवायची पावडर किंवा क्रीम वापरत असाल तर रोज रात्री ती कवळीवरून आणि हिरडीवरून पूर्ण काढा. कालच्या थरावर आजचा थर चढवला तर खाली बुरशीला घरच मिळतं.

आणि तोंडही धुवायचं. दात नाहीत म्हणून ब्रश कशाला, असं वाटतं, पण टाळू, हिरड्या आणि जीभ मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या स्वच्छ ओल्या कापडाने हळुवार पुसायला हवीत. टाळू चुरचुरत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. त्याने बुरशी मरत नाही, पण बरं वाटतं.

तिसरं काम: भिजवणं, आणि इथे होणारे घोटाळे

नुसत्या घासण्याने खाचांतली बुरशी पूर्ण जात नाही. सूज असताना दोन आठवडे कवळी जंतुनाशकात भिजवावी लागते. पर्याय तीन-चार आहेत, त्यांतला एकच निवडा.

सगळ्यांत निर्धोक म्हणजे क्लोरहेक्सिडीन 0.2% माउथवॉश. घासून धुतलेली कवळी त्यात 15 मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि मग पाण्याने धुऊन घ्यायची. पातळ तारांची किंवा धातूची कवळी असली तरी चालतं. खूप दिवस वापरलं तर तपकिरी डाग पडतात, म्हणून उपचारापुरतंच.

मेडिकलमध्ये कवळी साफ करायच्या गोळ्या आणि पावडर मिळते. कोमट पाण्यात टाकली की फसफसते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेइतकं भिजवायचं आणि नीट धुऊन मगच घालायचं. ती गोळी तोंडात टाकायची नसते. विसरभोळ्या वृद्धांच्या हाताशी पाकीट ठेवू नका.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बुरशीवर चांगलं काम करतं, पण मापात. बाटलीवर 5% लिहिलं असेल तर 20 मिली ब्लीच आणि 180 मिली पाणी. सिरपच्या बाटलीचं 10 मिलीचं मापाचं झाकण घेतलं तर दोन झाकणं ब्लीच आणि अठरा झाकणं पाणी. त्यात कवळी 10 मिनिटं, त्याहून एक मिनिटही जास्त नको, आणि नंतर वाहत्या पाण्याखाली खळखळून धुवा. कवळीत धातू असेल तर ब्लीच वापरायचं नाही, ते धातू खातं. आत मऊ अस्तर लावलेलं असेल तर आधी दंतवैद्यांना विचारा. वास घातलेलं, साबण मिसळलेलं ब्लीच नको. आणि गावात विहिरीत टाकायची टीसीएल पावडर तर अजिबात नको, तिचं प्रमाण घरी सांभाळता येत नाही.

पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन त्यात कवळी ठेवली तर चुनखडीसारखा कडक थर सुटायला मदत होते. बोअरच्या जड पाण्याच्या गावांत हा उपयोगी आहे.

मात्र या गोष्टी एकमेकींत मिसळायच्या नाहीत. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि क्लोरहेक्सिडीन एकत्र आले की तपकिरी साका तयार होतो. “दोन्ही घातलं की दुप्पट स्वच्छ” हा हिशेब इथे जिवावर बेतू शकतो.

जंतुनाशकातून काढून धुतल्यावर रात्रभर कवळी साध्या, पिण्याच्या पाण्यात ठेवायची. कोरडी राहिली तर ॲक्रिलिकचा आकार बदलू शकतो. डबी झाकणाची, कवळीपुरतीच वेगळी, पाणी रोज नवं, आणि डबीही रोज साबणाने धुतलेली. कागदात, रुमालात गुंडाळून ठेवलेल्या कवळ्या केराबरोबर जातात.

औषध: काय, किती, आणि कुणी जपायचं

वरची तीन कामं चालू असतील तरच बुरशीच्या औषधाला अर्थ आहे. आपल्याकडे सहज मिळतं ते क्लोट्रिमाझोल 1% माउथ पेंट. डॉक्टर ते साधारण दिवसातून तीन-चार वेळा लावायला सांगतात. कवळी काढून टाळूवर लावा, आणि कवळी घालायचीच असेल तर धुतलेल्या कवळीच्या आतल्या बाजूलाही काही थेंब पसरवा. लावल्यावर अर्धा तास खाणं-पिणं नको. चोखायच्या क्लोट्रिमाझोल गोळ्याही असतात, आणि काही ठिकाणी निस्टॅटिनचं पातळ औषध मिळतं. ते तोंडात घोळवायचं असतं, तेव्हा कवळी बाहेर हवी. निस्टॅटिन आणि क्लोरहेक्सिडीन एकमेकांचा असर मारतात, म्हणून दोन्ही सांगितले असतील तर मध्ये तासाचं अंतर ठेवा. चोखायच्या आणि पातळ औषधांत साखर असू शकते, मधुमेहींनी डॉक्टरांना तसं विचारावं.

चार दिवसांत लाली कमी दिसते आणि माणूस औषध बंद करतो. इथेच आजार परततो. उपचार साधारण दोन आठवडे, आणि लाली पूर्ण गेल्यावरही दोन दिवस चालू ठेवायचा.

आता दोन औषधांबद्दल सावधगिरी. मायकोनाझोलची तोंडात लावायची जेल आणि फ्लुकोनाझोलच्या गोळ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉलच्या गोळ्या चालू असतील तर या दोन्हींमुळे रक्तस्राव होण्याइतकं रक्त पातळ होऊ शकतं. जेल तोंडात लावायची म्हणून निरुपद्रवी, असं समजू नका, ती पोटात जातेच. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर एकदम उतरू शकते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्यांचं पटत नाही. फ्लुकोनाझोल मेडिकलमध्ये मागितलं की मिळतं, म्हणूनच सांगतो: ते डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका, आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

तोंडातल्या फोडांवर लावायच्या काही मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने जळजळ चटकन थांबते, पण बुरशी वाढते. अँटिबायोटिकनेही हा आजार बरा होत नाही, उलट फोफावतो. तूप, खोबरेल लावलं तर कोरडी टाळू मऊ पडते, हरकत नाही, पण त्याला औषध समजू नका. कवळीखाली मध लावून ठेवणं टाळा.

ओठांचे कोपरे फाटले असतील तर त्यांनाही डॉक्टरांनी दिलेलं क्रीम त्याच काळात लावा, कारण तिथेही बहुधा तीच बुरशी असते, कधी जोडीला जंतूही. कवळीचे दात झिजून तोंडाची उंची कमी झाली की ओठ आत वळतात, कोपऱ्यात लाळ साचते आणि कातडी फाटत राहते. अशा वेळी क्रीम तात्पुरतं, कवळीची उंची सुधारणं हाच इलाज.

या दिवसांत जेवण मऊ आणि कमी तिखट ठेवा. नाचणीची आंबील, पेज, ताकभात, मऊ मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. गोकाकचा करदंट बरा झाल्यावर. गोड चहा दिवसभर घोट घोट पीत राहणं बंद करा, साखर बुरशीला पोसते.

मूळ कारण शोधल्याशिवाय सोडू नका

सगळं नीट करून महिनाभरात टाळू पुन्हा लाल झाली तर रक्तातली साखर तपासा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी करून घ्या. मधुमेह आहे हे माहीत नसलेल्या माणसात वारंवार येणारी तोंडातली बुरशी ही पहिली खूण असू शकते. त्याच वेळी हिमोग्लोबिन, लोह, बी12 आणि फोलेट पाहून घेतलेलं बरं. दात गेल्यावर भाकरी-भाजी सुटते, चहा-बिस्किटांवर दिवस निघतो आणि ही कमतरता हळूहळू येते.

दम्याचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकायचं, आणि जमलं तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप घ्यायचा. तोंड कोरडं पडत असेल तर बीपीच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी ते होतंय का हे डॉक्टरांना विचारा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

आणि तंबाखू. विडी, मिश्री, तपकीर, पानातला तंबाखू-चुना, सगळंच या सुजेला खतपाणी घालतं. गालात आणि कवळीच्या कडेत तंबाखूची गोळी धरून ठेवणाऱ्यांच्या तोंडात मी लाल आणि पांढरे, दोन्ही चट्टे एकत्र पाहतो. सोडणं अवघड आहे हे कळतं. निदान ज्या बाजूला चट्टा आहे तिकडे धरू नका आणि तोंड तपासून घ्यायला उशीर करू नका.

कवळी सैल असेल तर

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतच राहतं, आणि खालच्या जबड्याचं तर वरच्याच्या जवळपास चौपट. म्हणून दहा वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी आज हलते, घासते आणि सूज टिकवून ठेवते. दंतवैद्य आत मऊ, तात्पुरतं अस्तर लावून आधी हिरड्यांना विश्रांती देतात, मग पक्कं अस्तर बदलतात किंवा नवी कवळी करतात. सूज असताना नवीन माप घ्यायचा आग्रह धरू नका. सुजलेल्या टाळूवर घेतलेलं माप सूज उतरल्यावर सैल होतं आणि पैसे वाया जातात. साधारण पाच वर्षांनी कवळी तपासून बदलायची की नाही ते ठरवावं, पण वर्षातून एकदा दाखवणं हवंच.

बेळगावात केएलईचं दंत महाविद्यालय आणि मराठा मंडळाचं दंत महाविद्यालय, दोन्हीकडे कवळ्यांचा स्वतंत्र विभाग आहे. केसपेपर काढताना ‘प्रॉस्थोडॉन्टिक्स’ असं सांगा. दात काढण्याच्या रांगेत उभं राहून अर्धा दिवस घालवू नका. कर्नाटक सरकारच्या दंतभाग्य योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या ज्येष्ठांना मोफत कवळी मिळण्याची सोय केलेली आहे. सध्याचे निकष तालुका रुग्णालयाच्या दंत विभागात विचारून घ्या, आणि जाताना रेशन कार्ड, आधार कार्ड बरोबर न्या. कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर नुसतं “बायि हुण्णु” सांगून थांबू नका, ते तोंडातला फोड समजून गोळ्या लिहितील. कवळी काढून हातात घ्या आणि टाळूकडे बोट दाखवा. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला दाखवत असाल तरी कागद एकाच फाइलमध्ये ठेवा, म्हणजे इकडे दिलेलं औषध तिकडे पुन्हा लिहिलं जात नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी

इथे काम घरच्यांचं. हातमोजे घाला, माणसाला बसतं करा किंवा कुशीवर वळवा. वरची कवळी निघत नसेल तर बोट तिच्या मागच्या बाजूला, गालाकडच्या कडेशी नेऊन हळूच खाली ओढा, हवा शिरली की ती सुटते. संध्याकाळच्या जेवणानंतर कवळी काढायची ती सकाळी न्याहारीलाच द्यायची. ओल्या कापडाने टाळू, गाल, जीभ पुसून घ्या, पाणी घशात जाणार नाही इतकंच ओलं. स्मृती गेलेल्या माणसाने कवळी काढू दिली नाही तर ओढाताण करू नका. अर्ध्या तासाने, त्यांच्या ओळखीच्या माणसाने पुन्हा विचारावं. दवाखान्यात भरती होताना डबीवर नाव लिहा. वॉर्डात जेवणाच्या ताटाबरोबर कवळ्या हरवतात, आणि अशा वयात नवी कवळी सवयीची होणं फार कठीण जातं.

दोन आठवड्यांनी

पुन्हा बॅटरी घ्या आणि टाळू बघा. शक्य असेल तर पहिल्या दिवशी आणि आज, त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढा, डॉक्टरांना तुलना करायला सोपं जातं. लाली पूर्ण गेली असेल तर आणखी दोन दिवसांनी औषध आणि जंतुनाशक थांबवा, पण रात्रीची विश्रांती आणि दोन वेळचं घासणं कायम ठेवा. लाली थोडीच कमी झाली असेल तर आधी स्वतःला विचारा, कवळी रोज रात्री खरोखर बाहेर होती का? होती असेल तर दंतवैद्यांकडे जा. ते टाळूवरचा आणि कवळीवरचा नमुना घेऊन कुठली बुरशी आहे ते तपासू शकतात, कारण सगळ्या जातींवर एकच औषध चालत नाही. दाणे राहिले असतील तरीही दाखवाच.

बरं झाल्यावर जुना ब्रश टाकून द्या आणि नवा घ्या. डबी चिरलेली, हिरवट झालेली असेल तर तीही. कपाटात ठेवलेली जुनी, सुटीची कवळी लग्नकार्याला काढून घालायची सवय असेल, तर तीही याच पद्धतीने घासून, भिजवून, धुऊन मगच तोंडात घाला.